पाटीवरचा आकडा खरा कशावरून?

मागच्या वेळी आपण विधान आणि त्याची कसोटी यांविषयी बोललो. आज तोच प्रश्न आम्ही विजेच्या उपकेंद्रात नेणार आहोत.

शॉर्ट सर्किट झालं की लाइन तोडायची, हे सर्किट ब्रेकरचं काम. १९०१ साली अमेरिकेत जे. एन. केलमन यांनी तेल आणि पाणी भरलेल्या दोन लाकडी पिंपांचा ब्रेकर बनवला. ४०,००० व्होल्टच्या लाइनवर तो एप्रिल १९०२ ते मार्च १९०३ चालला. मग थोड्याथोड्या वेळाने अनेकदा प्रवाह तोडावा लागला आणि आग लागली. एकदा तोडणं जमत होतं, बरं का, लागोपाठ नाही.

आता तेल कशाला? संपर्क विलग होताना मधे आर्क पेटतो. त्याच्या उष्णतेने तेलाचं विघटन होऊन मुख्यतः हायड्रोजन निघतो, आणि हा ज्वालाग्राही वायूच उष्णता झपाट्याने वाहून नेऊन आर्क थंड करतो! ५० सायकलचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. त्या क्षणी आर्क विझला, आणि पुन्हा पेटला नाही, तर जिंकलं. मात्र त्याच वायूच्या दाबाने टाकी फुटूही शकते.

असं असून सुरुवातीच्या काळात पाटीवरचा आकडा बराचसा गणितावर आणि अंदाजावर कोरला जाई. खरी परीक्षा घ्यायची तर चालू जाळ्यावर, ग्राहकांचे दिवे पणाला लावून. १९३०च्या सुमारास इंग्लंडमध्ये हेबर्न येथे रेरोल कंपनीने यासाठी स्वतंत्र चाचणी-केंद्र उभारलं. अशा केंद्रात खास जनित्र मोटरने वेगात फिरवतात, मग मोटर बंद करतात आणि फिरत्या रोटरमधली ऊर्जा क्षणभर ब्रेकरवर सोडतात. ब्रेकर भक्कम कोठडीत, माणसं दूर, ऑसिलोग्राफवर आलेख. नंतर टाकी उघडून काळं पडलेलं तेल, झिजलेले संपर्क पाहायचे. आम्हाला हा भाग फार आवडतो: आलेख कितीही देखणा असो, टाकी उघडल्याशिवाय निकाल नाही.

चाचणीचा एक प्रमाण क्रम असा: तोडा, ३ मिनिटं थांबा, शॉर्ट सर्किटवरच जोडून लगेच तोडा, पुन्हा ३ मिनिटं, पुन्हा जोडा-तोडा. केलमनच्या पिंपांना जे भोवलं, तेच इथे मुद्दाम विचारलं जातं.

आपल्याकडे १९६० साली स्थापन झालेल्या केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेत, बेंगळुरू आणि भोपाळला, शॉर्ट सर्किट चाचण्या होतात. पण आमच्यासारख्या तत्त्वज्ञानवाल्याची अडचण उरतेच. परीक्षा दिलेला ब्रेकर एक, आणि उपकेंद्रात बसतो त्याचा जुळा भाऊ. म्हणून प्रमाणपत्राइतकीच त्याच्याबरोबरची रेखाचित्रं महत्त्वाची. कारखान्याने उद्या एक स्प्रिंग बदलला, तर विचारावंच लागतं: हा तोच ब्रेकर का?