एनएलआर आणि लिव्हर कॅन्सर: साध्या सीबीसीतून काय कळते, काय नाही?

यकृताच्या कर्करोगाच्या, म्हणजे लिव्हर कॅन्सरच्या ऑपरेशनआधी सीबीसी ही रक्त तपासणी होतेच. नांदेड आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांप्रमाणेच तिथल्या छोट्या लॅबमध्येही ती होते. ऑपरेशननंतर कॅन्सर परतण्याचा धोका किती, याचा काहीसा अंदाज याच रिपोर्टमधल्या आकड्यांवरून बांधता येतो.

एनएलआर म्हणजे काय?

न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे गुणोत्तर. रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिल ७२ टक्के आणि लिम्फोसाइट १८ टक्के असतील, तर एनएलआर ४. शरीरात दाह असला की न्यूट्रोफिल वाढतात आणि त्यांच्यातून निघणारे काही घटक गाठीच्या वाढीला मदत करतात. लिम्फोसाइट कॅन्सरच्या पेशी मारतात. म्हणून ऑपरेशनआधी एनएलआर जास्त असलेल्या रुग्णांमध्ये आजार परतण्याचे प्रमाण जास्त आढळते.

एसआयआय म्हणजे काय?

एनएलआरला प्लेटलेटच्या संख्येने गुणले की एसआयआय मिळतो. शांघायच्या झोंगशान रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१४ मध्ये तो लिव्हर कॅन्सरच्या ऑपरेशनसाठी मांडला. त्यांनी धोक्याची सीमा ३३० ठरवली. प्लेटलेट दीड लाख असतील तर हिशेबात १५० धरतात. एनएलआर ४ असल्यास एसआयआय ६०० येतो.

आकडा कुठे फसवतो?

लिव्हर कॅन्सरच्या बऱ्याच रुग्णांना सिरॉसिसही असतो. त्यात प्लीहा वाढते आणि प्लेटलेट घटतात. वरच्याच रुग्णाच्या प्लेटलेट ८० हजार असतील, तर एसआयआय ३२० येईल, म्हणजे सीमेच्या खाली. यकृत जास्त खराब, तरी आकडा चांगला! ताप, जंतुसंसर्ग आणि स्टेरॉइडनेही हे आकडे बदलतात. ऑपरेशननंतर लगेच न्यूट्रोफिल वाढणे तर स्वाभाविकच असते.

मग उपयोग काय?

हे आकडे रुग्णांच्या गटाचा कल सांगतात, एका माणसाचे आयुष्य नाही. प्रत्येक अभ्यासाची सीमाही वेगळी आहे. गाठीचा आकार व संख्या, रक्तवाहिनीतला शिरकाव आणि यकृताची ताकद यांचे वजन त्यांच्यापेक्षा जास्त असते. म्हणून घरी भागाकार करून ऑपरेशन नाकारणे किंवा निर्धास्त होणे, दोन्ही चूक. एनएलआर कमी असला, तरी पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी स्कॅन आणि एएफपी तपासणी चुकवू नये. परतलेली गाठ लहान असताना सापडली, तर उपचाराचे मार्ग जास्त असतात.