हजेरीपटातला ताप

मागच्या रविवारी आमच्या जुन्या शाळेचं कपाट उपसायला आम्ही चार माजी विद्यार्थी गेलो होतो. मिशनची छोटी मराठी प्राथमिक शाळा, पहिली ते चौथी, अंगणाला लागून चर्च, मागे नारळाची वाडी. शाळेला विचारलेलं नाही म्हणून नाव लिहीत नाही, पण रेवदंडा-चौल पट्ट्यातल्या मंडळींना ओळखू येईलच. कपाटात वाळवीनं सोडलेले हजेरीपट निघाले. त्यात माझं तिसरीचं वर्षही होतं, १९७६.

आमच्या बाईंना एक सवय होती. गैरहजेरीच्या खुणेशेजारी त्या बारीक अक्षरात कारण लिहीत. जून-जुलैत 'ओढा', 'पाऊस'. ऑगस्टात 'डोळे आले'. आणि ऑक्टोबरचं पान उघडलं की दोनच शब्द, वरपासून खालपर्यंत: 'कापणी' आणि 'ताप'. बाईंना शाळा तपासनीसांनी हे काही लिहायला सांगितलं नव्हतं. आज पन्नास वर्षांनी वाटतं, गावाच्या तब्येतीची याहून खरी नोंद दुसरीकडे कुठे नसेल.

शरद ऋतूला जुन्या वैद्यांनी वैद्यांची आई म्हटलंय, ते उगाच नाही. पाऊस ओसरतो, पण खाचरांतलं, डबक्यांतलं, विहिरीतलं पाणी तसंच असतं. दुपारी ऑक्टोबरचं ऊन, पहाटे दव. त्यातच भात पिवळं पडतं आणि घरातलं प्रत्येक माणूस शेतावर जातं. लहान भावंडाला सांभाळायला मोठी बहीण घरी, म्हणजे हजेरीपटात 'कापणी'. मिशनच्या शाळेत तर या महिन्यात भलतीच वर्दळ. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना, रोज संध्याकाळी चर्चमध्ये प्रार्थना. पाठोपाठ दोन नोव्हेंबरला मृतांचा दिवस, त्याआधी दफनभूमीतलं गवत काढायला अख्खी आळी. आम्ही हिंदू पोरं या सगळ्यात असायचो, आणि किल्ला करायची माती गोळा करायला ख्रिस्ती पोरं आमच्याबरोबर. सहामाही परीक्षाही याच गर्दीत. सिस्टर आणि बाई संध्याकाळी घरोघर जायच्या, आज का आला नाही ते विचारायला. कपाळाला हात लावून बघायच्या. आरोग्य तपासणी वगैरे मोठे शब्द नंतर आले.

माझ्या वर्गात कोर्लईची एक मुलगी होती, मावशीकडे राहून शिकायची. शाळेत चोख मराठी बोलायची. पण ताप चढला की घरच्या भाषेत जायची, आणि आम्हाला एक अक्षर कळायचं नाही. १७४० मध्ये चौल-रेवदंडा मराठ्यांकडे आलं आणि फिरंगी सत्ता गेली, तरी कोर्लईचे शेतकरी ख्रिस्ती जागचे हलले नाहीत. पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली त्यांची बोली आजही घरात चालते. ते तिला 'नो लिंग' म्हणजे आपली भाषा म्हणतात, बोलणारे हजाराच्या आसपास. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषातज्ज्ञाने १९९६ मध्ये तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलंय. आमच्या बाईंना त्या भाषेतले 'पोट', 'डोकं', 'पाणी' एवढे शब्द पाठ होते. तेवढ्यावर त्यांचं भागायचं.

आजारांच्या शब्दांचीही या किनाऱ्यावर जुनी देवाणघेवाण आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य. चौल हे निजामशाहीचं बंदर, आणि हा अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर उपचार करायचा. १५६३ मध्ये त्याचा औषधींवरचा ग्रंथ गोव्यात छापला गेला. त्यात पटकीचं वर्णन आहे आणि इथले लोक तिला काय म्हणतात तेही आहे. तो शब्द म्हणजे आपली मोडशी. फिरंग्यांनी तिचं मोर्देशी केलं आणि युरोपभर नेलं. उलट दिशेनं आलं ते कोयनेल. सिंकोना झाडाची साल दक्षिण अमेरिकेतून युरोपात पोचली ती सतराव्या शतकात, जेझुइट पाद्र्यांच्या हातून. म्हणून तिकडे तिला जेझुइटांची साल म्हणत. इंग्रजी अमलात त्याच सालीतून काढलेल्या कोयनेलच्या पुड्या पोस्टात पैशा-पैशाला विकायला ठेवल्या होत्या. माझी आजी शेवटपर्यंत तापाच्या कुठल्याही गोळीला कोयनेलच म्हणायची.

आता माझ्या १९७६ च्या पानाकडे येतो. स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये हिवताप नियंत्रणाचा आणि १९५८ मध्ये निर्मूलनाचा देशव्यापी कार्यक्रम निघाला. घरोघर डीडीटीची फवारणी, दारावर तारखा, बोट टोचून काचेवर रक्त घेणारा मलेरियावाला. १९६५ च्या सुमारास देशातले रुग्ण लाखापर्यंत खाली आले. सगळ्यांना वाटलं, संपला हिवताप. पैसा आटला, लक्ष उडालं, डासही डीडीटीला सरावले. १९७६ मध्ये आकडा ६४ लाखांवर गेला. हे मी मोठेपणी वाचलं. पण बाईंच्या पानावर ते आधीच होतं. साठीच्या दशकातल्या पटात ऑक्टोबरला 'कापणी' जास्त, 'ताप' तुरळक. माझ्या तिसरीच्या पटात पान नुसतं 'ताप' 'ताप' 'ताप'. त्यातला एक मीही. क्लोरोक्वीनची ती कडू गोळी सिस्टर गुळाच्या खड्यात दाबून द्यायच्या, आणि गूळ विरघळून गोळी तेवढी जिभेवर उरायची!

एक गोष्ट लक्षात घ्या. या किनाऱ्यावर मुलांच्या आरोग्याचं जे काही आलं, ते बहुतेक शाळेच्या दारातून आलं. लस मुंबईत पोचली १८०२ मध्ये. १४ जूनला ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली, ती हिंदुस्थानातली पहिली. पण खेड्यातलं लेकरू एकेकटं शोधून टोचणं महाकठीण. शाळेत ती एका रांगेत उभी सापडतात. आमच्या पिढीच्या दंडावरचे देवीचे वण पाहा, निम्म्यांचे शाळेच्या व्हरांड्यातले असतील. देवी डॉक्टर आले की मागच्या खिडकीतून वाडीत उड्या पडायच्या. त्या खिडकीला गज बसले ते त्याच पायी. खाण्याचंही तेच. अमेरिकन मदतीची दूध पावडर पन्नाशी-साठीत कॅथलिक संस्थांमार्फत ठिकठिकाणच्या शाळांत वाटली जायची, १९७२ च्या दुष्काळात सुकडी आली. १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्राची योजना, तेव्हा महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचे, तेही ८० टक्के हजेरी असेल तरच. म्हणजे कापणीला बसवलेल्या पोरीचे तांदूळही बुडायचे. पुढे सुप्रीम कोर्टाने २००१ मध्ये शिजवलेलं अन्न द्या म्हणून बजावलं आणि हळूहळू खिचडी आली.

महाडच्या बाजूचं एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्येच बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशानं मुलं डोळ्यांदेखत जायची, ते त्यांनी पाहिलं, अभ्यास केला, आणि प्रॅझोसिन हे रक्तदाबाचं औषध लागू पडतं हे जगाला दाखवून दिलं. 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकानं ते छापलं. पण मूल वेळेत दवाखान्यात पोचायला हवं, हे घरोघर कोण सांगणार? ज्यांचं गाव ऐकतं ते मास्तर आणि बाईच.

हे सगळं आज काढायचं कारण म्हणजे पटसंख्या. २०१७ मध्ये राज्यात दहाच्या आतल्या पटाच्या तेराशेच्या आसपास शाळा बंद करायचं ठरलं. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायची कल्पना आली, त्या यादीत चौदा हजारांवर शाळा होत्या. त्या सरकारी शाळा होत्या हे मान्य. पण अनुदानित मिशनच्या शाळांनाही संचमान्यतेची तलवार आहेच, शिक्षकाचं पद गेलं की शाळा आपोआप बसते. पट का घटला हे मला कळतं. पोरं इंग्रजी माध्यमात गेली, घरं मुंबईला गेली. माझा स्वतःचा मुलगाही या शाळेत शिकला नाही, हे कबूल करायलाच हवं.

माझं भांडण हिशेबाशी आहे. एका मुलावर किती खर्च होतो ते मांडतात. त्या रकान्यात दुपारचं शंभर ग्रॅम तांदळाचं शिजवलेलं जेवण येतं का? आठवड्याची लोहाची गुलाबी गोळी, जंताची गोळी, वर्षातून एकदा येणारं तपासणी पथक? कुणी म्हणेल, हे सगळं मोठ्या शाळेतही मिळेल. मिळेल, मूल रोज तिथे पोचलं तर. नियमानं पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, ती का, हे सहा वर्षांच्या मुलाला ऑक्टोबरच्या उन्हात तीन किलोमीटर चालवून बघा. त्यात ताप असेल तर ते जाणारच नाही. आणि तिथल्या बाई, कितीही चांगल्या असल्या, तरी संध्याकाळी कपाळाला हात लावायला या आळीत येणार नाहीत.

हजेरीपट आम्ही उन्हात वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेवलेत. मुलांची नावं झाकून ऑक्टोबरच्या पानांचे फोटो काढलेत. दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेत पालकसभा आहे. तिथे पटसंख्येचा तक्ता भिंतीवर लागेल, तेव्हा शेजारी ही पानंही लावायची असं ठरलंय, फादरांनी हो म्हटलंय. कापणी चालू असेल म्हणून सभा संध्याकाळी सातला ठेवली आहे, शेतावरून थेट या.