एकट्याचा तंटा

सावद्याहून फैजपूर अगदी जवळ. १९३६ च्या डिसेंबरात तेथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच, म्हणून आमच्याकडची जुनी माणसे त्याच्या आठवणी अभिमानाने सांगत. शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी मिळाली पाहिजे, असे त्या वेळच्या शेतीविषयक कार्यक्रमात लिहिले गेले. पण पाडव्याला ठेवलेला सालदार मधेच काढून टाकला तर त्याने कोणाच्या दारात जायचे? हा प्रश्न मी आमच्या वाड्यात लहानपणापासून ऐकत आलो.

अधिवेशनाला दोन वर्षे होतात न होतात तोच मुंबई इलाख्यातील काँग्रेस मंत्रिमंडळाने औद्योगिक कलहाचे बिल आणले. तडजोडीची बोलणी पुरी होण्याआधी संप केला तर तुरुंग, असे त्याचे स्वरूप. बाबासाहेबांनी विधिमंडळात कडाडून विरोध केला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांच्या जोडीने एक दिवसाचा संप घडवला. बिलाचा कायदा झालाच.

त्याच वर्षी फेब्रुवारीत मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे बाबासाहेबांचे भाषण सर्वांना माहीत आहे. त्यातली दुसरी गोष्ट मला तितकीच मोलाची वाटते. रूळांवरचा अस्पृश्य गँगमन जन्मभर गँगमनच राहतो, त्याला पोर्टरही होता येत नाही. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचे काम करावे लागते आणि सवर्ण मास्तराला तो घरात चालत नाही! मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खाते त्याला बंद होतेच. अशा माणसाला कामावरून काढले तर त्याच्या बाजूने सवर्ण सहकारी उभे राहतील काय?

येथेच कायद्यातील मेख होती. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ साली स्थायी आदेशांचा कायदा झाला आणि शंभर वा अधिक कामगारांच्या कारखान्यात बडतर्फीचे नियम लेखी ठेवणे मालकावर बंधनकारक झाले. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा आला. १९५३ च्या दुरुस्तीने वर्षात २४० दिवस काम केलेल्याला कपातीपूर्वी एक महिन्याची नोटीस आणि दर पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार देणे आले. (२४० भरण्याआधीच नाव कमी करण्याची युक्ती मालकांना लवकरच सुचली.) परंतु न्यायालयांनी लावलेल्या अर्थाप्रमाणे एकट्याची बडतर्फी हा औद्योगिक तंटा ठरत नसे. युनियनने किंवा बऱ्याच सहकाऱ्यांनी ती उचलून धरली तरच ती तंटा ठरे. ज्याचे पाणी वेगळे, ज्याची बसण्याची जागा वेगळी, त्याचा अन्याय उचलणार कोण? कलमात जातीचे नावही नव्हते, तरी त्याचा भार कोणावर पडला हे उघड आहे.

१९६५ साली २-अ हे कलम घालून एकट्याची बडतर्फीही तंटा मानली गेली. तरी प्रकरण न्यायालयाकडे धाडायचे की नाही, हे सरकारच्या हाती राहिले. समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करून ४५ दिवस झाल्यावर थेट कामगार न्यायालयात जाण्याची वाट २०१० च्या दुरुस्तीने मोकळी झाली. त्यासाठी बडतर्फीपासून तीन वर्षांची मुदत होती. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती दोन वर्षांवर आणली.

सालदाराचा करार अजून तोंडीच होतो.