पत्री वाहणारा पुढारी

गणपतीपुळ्यास समुद्रकाठचा डोंगरच गणेशरूप मानला जातो. भाविकांची प्रदक्षिणा असते ती त्या डोंगरासच. या दैवतास बागेतील निवडक फुलेच हवीत असे नाही. दूर्वा, आघाडा, शमी, कुंपणावरचा हिरवा पाला, जे हाती येईल ते भावाने वाहावे. कोकणात यासच पत्री म्हणतात. शेजारच्या मालगुंडी १८६६ साली केशवसुत जन्मले, हे श्रोत्यांस ठाऊक असेलच. परंतु आपल्या कवितासंग्रहास ‘पत्री’ हे नाव देणारा कवी याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा, दापोली तालुक्यातील पालगडचा.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा. घराणे खोतांचे, पण वैभव ओसरलेले. एम. ए. होऊन १९२४ साली ते अमळनेरास शिक्षक झाले. छात्रालयातील मुलांची विस्कटलेली अंथरुणे हा मास्तर न बोलता आवरून ठेवी. ‘गुरुजी’ ही पदवी त्यांस मिळाली ती अशा कामांतून. १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनीच उतरून घेतली.

‘पत्री’ १९३५ साली निघाली आणि सरकारने ती जप्त केली. चार पानांचा एवढा धसका साम्राज्याने घ्यावा, हे नवलच! रसिकांनी या गीतांस भाबडी म्हटले, ते अगदीच खोटे नव्हे. परंतु ती मुळी दिवाणखान्यासाठी नव्हतीच. प्रभातफेरीत शेकडो मुलांच्या कंठी बसावीत, एवढेच त्यांचे मागणे.

न्यूझीलंडातील माओरी लोकांचे पुढारी अपिराना न्गाटा यांचेही कार्य असेच दुहेरी. १९०५ ते १९४३ ते तेथील पार्लमेंटात होते. त्याच काळात त्यांनी आपल्या लोकांची जुनी गीते गोळा केली आणि नवी रचली.

गुरुजींची खरी कसोटी लागली पंढरपुरास. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर, आणि त्यांच्या जातीच्या माणसास आत मज्जाव! विठ्ठलाच्या दारीची ही स्थिती गुरुजींस असह्य झाली. उपोषणापूर्वी त्यांनी महाराष्ट्रभर दौरा काढला. सेनापती बापट बरोबर होते, आणि सेवादलाचे कलापथक गावोगाव गाणी म्हणत होते. खेड्यांतील कित्येक देवळे व पाणवठे त्या दौऱ्यातच खुले झाले. १ मे १९४७ रोजी उपोषण सुरू झाले. ते सोडावे अशी खुद्द गांधीजींची तार आली. गुरूस्थानी मानलेल्या त्या पुरुषाचेही गुरुजींनी या एका बाबतीत ऐकले नाही. दहा दिवसांनी मंदिर खुले करण्याचे मान्य झाले, तेव्हाच उपोषण सुटले.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक काढले. गांधीवधाने मात्र हे कोवळे मन आधीच खचले होते. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. पुढच्याच महिन्यात न्गाटाही निवर्तले.