मोबाईलवर चित्रांचा सराव: बोट, स्टायलस, लेअर आणि फाईल नक्की कुठे जाते

नवीन काहीतरी शिकायचं ठरवलं की आपण सगळ्यात आधी ॲप शोधतो. मीही तेच केलं. २०२३ च्या उन्हाळ्यात ठरवलं की रोज दहा मिनिटं मोबाईलवर चित्र काढायचं, आणि पहिले चार दिवस ॲप टाकणं आणि उडवणं यातच गेले. शाळेत एलिमेंटरीची परीक्षा सी ग्रेडमध्ये कशीबशी सुटलो होतो. त्यानंतर इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या शीट सोडल्या तर पेन्सिल हातात धरलीच नव्हती. त्यामुळे इथे चित्रकाराच्या टिप्स मिळणार नाहीत. चित्र काढताना फोनच्या आत काय चालतं, कशावर पैसे घालवायचे, कशावर नाही, आणि एक चूक जी तुम्ही करू नये, एवढं सांगतो.

बोट फिरतं तेव्हा आत काय होतं

आजच्या फोनचा टच कपॅसिटिव्ह असतो. काचेखाली पारदर्शक वाहकांची उभी-आडवी बारीक जाळी असते. बोट जवळ आलं की तिथला विद्युतभार किंचित बदलतो, आणि फोन जाळीवर कुठे बदल झाला यावरून बोटाची जागा काढतो. आपलं शरीर वीज वाहून नेतं म्हणून हे जमतं. पेन्सिलीचं लाकडी टोक टेकवलं तर काहीच होत नाही. पावसाळ्यात ओल्या हाताने फोन वेड्यासारखा वागतो त्याचं कारणही हेच, पाणीसुद्धा तो भार बदलतं.

आता महत्त्वाचा भाग. फोन तुमचं बोट सतत बघत नाही, ठरावीक अंतराने बघतो. समजा सेकंदाला १२० वेळा. तुम्ही बोट सेकंदाला ३० सेंटिमीटर वेगाने ओढलं तर दोन नोंदींमध्ये अडीच मिलिमीटरचं अंतर पडतं. मधली रेष तुम्ही काढलेलीच नसते, ती ॲप बिंदू जोडून स्वतः भरतं. उलट अगदी हळू ओढलं तर बिंदू दाट पडतात आणि हाताचा प्रत्येक थरकाप रेषेत उतरतो. सुरुवातीला मला वाटायचं माझाच हात वाईट आहे. हात वाईट होताच, पण हळू रेष वेडीवाकडी येण्यामागे हेही होतं.

यावर ॲपमध्ये 'स्टॅबिलायझर' नावाचा स्लायडर असतो. साधारणपणे तो शेवटच्या काही बिंदूंची सरासरी काढून रेष गुळगुळीत करतो. त्यामुळे रेष बोटाच्या थोडी मागून येते. स्लायडर पूर्ण वर नेला तर रेष छान दिसते, पण ती तुमची राहत नाही आणि कोपरे गोल होऊन जातात. मी तो खालच्या टोकाजवळ ठेवतो.

स्टायलस घ्यायचा का?

मोबाईलच्या दुकानात शंभर-दोनशे रुपयांत रबरी टोकाचा किंवा टोकाला पारदर्शक चकती असलेला पेन मिळतो. हे दोन्ही पेन म्हणजे फोनच्या दृष्टीने बोटच. दाबाचा त्यांना पत्ता नसतो. चकतीवाल्याचा फायदा एवढाच की टोक कुठे टेकतंय ते दिसतं. रबरीवाला मी आठवडाभरात कंटाळून टाकून दिला. घरी गंमत करून बघायची असेल तर इअर बडचं टोक थोडं ओलं करा आणि काडीवर ॲल्युमिनियम फॉईल असं गुंडाळा की ते कापसालाही लागेल आणि तुमच्या बोटांनाही. झाला स्टायलस.

ऑनलाइन हजार रुपयांच्या आसपास चार्जिंगवाले 'युनिव्हर्सल' पेन दिसतात. टोक बारीक असतं, पण तेही बहुतेक फक्त स्पर्शाची नक्कल करतात. साध्या फोनवर दाब ओळखतील अशी अपेक्षा ठेवू नका. खरा दाब हवा असेल तर फोनमध्येच त्यासाठी वेगळी सोय लागते, उदाहरणार्थ स्क्रीनमागे वेगळा थर. सॅमसंगने २०११ मध्ये पहिल्या गॅलक्सी नोटपासून एस पेनसाठी हेच केलं, तंत्र वॅकॉमचं. पेनमध्ये चित्र काढण्यासाठी बॅटरी लागत नाही, स्क्रीनमागचा थरच त्याला ऊर्जा देतो. ॲपल पेन्सिल आयपॅडवर चालते, आयफोनवर नाही. दुकानदार काहीही सांगो.

'फक्त पेनने चित्र काढा, हाताचा स्पर्श धरू नका' अशी सेटिंग बऱ्याच ॲपमध्ये असते. स्वस्त पेन वापरत असाल तर ती चालू करू नका, कारण ॲपला तो पेन म्हणून दिसतच नाही आणि मग रेषच उमटत नाही. मी यात अर्धा तास घालवलाय.

माझं मत विचाराल तर पहिले दोन महिने बोटाने काढा. दाब नसला तरी रेषेची टोकं आपोआप निमुळती करायची सोय ॲपमध्ये असते, ती पुरते.

ॲपचं थोडक्यात

आयबिसपेंट फुकट आहे, जाहिराती दिसतात, आणि चित्र काढतानाचा व्हिडिओ आपोआप तयार होतो. आपण कुठे अडलो ते नंतर बघायला तो फार कामाचा. स्केचबुक पूर्वी ऑटोडेस्कचं होतं, २०१८ मध्ये त्यांनी ते फुकट केलं आणि २०२१ पासून त्याची वेगळी कंपनी आहे. ते सगळ्यात मोकळं आणि सोपं वाटतं. क्रिता हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, पण अँड्रॉइडवर ते टॅबलेट आणि क्रोमबुकसाठी आहे, फोनसाठी नाही. प्रोक्रिएट आयपॅडचं, आयफोनसाठी त्याचं प्रोक्रिएट पॉकेट हे छोटं भावंड. कुठलंही एक घ्या आणि महिनाभर बदलू नका.

कॅनव्हास आणि लेअरचा हिशेब

लेअर म्हणजे एकावर एक ठेवलेले ट्रेसिंग पेपर. खाली कच्चं चित्र काढायचं, त्याची ओपॅसिटी ३० टक्क्यांवर आणायची आणि वर नवीन लेअर घेऊन पक्की रेष मारायची. एवढं आलं तरी खूप झालं.

पण प्रत्येक लेअर मेमरी खातो. एका पिक्सेलला साधारण ४ बाइट लागतात: लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता. ए-फोर कागद ३०० डीपीआयवर म्हणजे २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल, एका लेअरला जवळपास ३५ एमबी. वीस लेअर केले की ७०० एमबी, त्यात अनडूसाठी जपून ठेवलेल्या जुन्या अवस्था वेगळ्या. मग चार जीबी रॅमचा फोन अडखळतो आणि आपण ॲपला शिव्या देतो. सरावासाठी १०८० गुणिले १०८० भरपूर आहे, त्यात एक लेअर ५ एमबीच्या आत बसतो. छापायचं असेल तेव्हाच मोठा कॅनव्हास घ्या, आणि तो सुरुवातीलाच घ्या. छोटं चित्र नंतर ताणून मोठं केलं तर फक्त धूसर होतं.

अजून एक, रात्री काढणाऱ्यांसाठी. डोळ्यांना त्रास नको म्हणून लावलेला पिवळा नाइट मोड फक्त स्क्रीन बदलतो, फाईल नाही. आपण पिवळेपणा झाकायला नकळत निळ्याकडे जातो आणि सकाळी सगळी माणसं थंडीने काकडल्यासारखी दिसतात. रंग भरताना तो बंद ठेवा.

रोज काय काढायचं

'काय काढू?' यावर माझे पहिले कितीतरी दिवस वाया गेले. मग एलिमेंटरीच्या पेपरची आठवण झाली: स्थिरचित्र आणि स्मरणचित्र. या दोन गोष्टींवर माझी गाडी अजून चालू आहे.

स्थिरचित्राला स्टीलचा पेला घ्या. त्याचं तोंड गोल आहे हे आपल्याला माहीत असतं, म्हणून आपण गोल काढतो आणि चित्र फसतं. दिसते ती लंबगोल आकृती. पेल्याचं तोंड डोळ्यांच्या रेषेत आणलं तर ती एक सरळ रेष होते, जितकं खाली न्याल तितकी ती फुगत जाते. म्हणूनच पेल्याचा तळ तोंडापेक्षा जास्त गोलसर काढावा लागतो. हे कळलं त्या दिवशी मी घरातले डबे, कुकर, तांब्या सगळं काढून पाहिलं. दुसरा प्रयोग दाराबाहेरच्या चपलांचा: चप्पल काढायची नाही, दोन चपलांच्या मधली मोकळी जागा काढायची. त्या जागेला नाव नसतं, म्हणून डोकं मध्ये लुडबुड करत नाही.

घड्याळाच्या ॲपमध्ये दोन मिनिटांचा टायमर लावा आणि पाच चित्रं काढा. लोकलमध्ये किंवा एसटी स्टँडवर माणसं दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबतही नाहीत. मोबाईलचा फायदा असा की सगळ्यांना वाटतं तुम्ही चॅटिंग करताय, कोणी डोकावत नाही. त्यातल्या त्यात आकार मोजकेच ठेवायचे असतील तर वारली चित्रं बारकाईने बघा. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून धड, वर छोटा गोल, बाकी रेषा, आणि तरीही कोण नाचतंय, कोण ओझं उचलतंय ते लगेच कळतं. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. आणि गोव्याच्या मारियो मिरांडांनी तरुणपणी चित्रांची डायरी ठेवली होती, १९४९ ते १९५१ च्या त्या डायऱ्या पुढे पुस्तकं म्हणून छापल्या गेल्या. त्यांनीही आसपासचीच माणसं आणि गावातल्याच घडामोडी काढल्या.

अनडूबद्दल माझं मत जरा कडक आहे. बऱ्याच ॲपमध्ये दोन बोटांनी टॅप केलं की अनडू होतं, आणि हाताला त्याची इतकी सवय लागते की एकच रेष तीस वेळा काढली जाते. दहा मिनिटांत अर्धं नाकसुद्धा होत नाही. ही खूण सेटिंगमधून बंद करा. चुकलेली रेष राहू द्या, तिच्या शेजारी दुसरी मारा.

फाईल कुठे जाते

हा भाग घाईत वाचू नका.

त्या वर्षी दिवाळीत गावी गेलो होतो. आजोबा ओसरीवर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होते. मी समोर बसून त्यांचं चित्र काढलं, वीसएक मिनिटं लागली. त्यांनी बघितलं, "नाक मोठं झालंय रे," म्हणाले, आणि परत सुपारीकडे वळले. पुढच्या चैत्रात आजोबा गेले.

त्यानंतर काही आठवड्यांनी एका रात्री ॲप सारखं अडकत होतं. आपण सगळेच करतो तसं मी केलं: अनइन्स्टॉल आणि परत इन्स्टॉल. उघडलं तर गॅलरी रिकामी. जवळपास वर्षभराची सगळी चित्रं गेली.

झालं ते असं. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला स्वतःची खासगी जागा मिळते. चित्र काढण्याच्या ॲपमधली 'माझी चित्रं' बहुतेक वेळा तिथेच असतात, फोनच्या गॅलरीत नसतात. ॲप काढलं की अँड्रॉइड ती जागाही पुसून टाकतं. सेटिंगमधल्या 'क्लिअर डेटा'नेही तेच होतं. 'क्लिअर कॅशे'ने फक्त तात्पुरत्या फाईली जातात, मला खरं तर तेवढंच करायला हवं होतं. गुगल फोटोजचा बॅकअप चालू होता, पण तो फोनमधल्या फोटोंचे फोल्डर बघतो, ॲपच्या आत शिरत नाही. रोज सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला हे माहीत असायला हवं होतं. माहीत होतंच, रात्री एक वाजता आठवलं नाही.

आता दर रविवारी मी दोन गोष्टी करतो. प्रत्येक चित्र पीएनजी म्हणून गॅलरीत एक्सपोर्ट करतो. जेपीजी चित्राचे छोटे चौकोन पाडून त्यातला तपशील कमी करतं, म्हणून काळ्या रेषेच्या कडेला मळकट ठिपके येतात. पीएनजीमध्ये काही हरवत नाही. आणि ज्यावर पुढे काम करायचंय ते पीएसडीमध्ये, कारण त्यात लेअर टिकतात. दोन्ही ड्राइव्हवर टाकतो. कोणाला व्हॉट्सॲपवर पाठवायचं असेल तर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून. फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं.

हे शेवटचं मला कसं कळलं तर, आजोबांचं चित्र मी दिवाळीतच आतेबहिणीला फोटो म्हणून पाठवलं होतं. तिच्याकडे ते सापडलं. झूम केलं की बोटं आणि अडकित्ता एकमेकांत मिसळतात. ते चित्र आता परत काढतोय, थोडं त्या धूसर फोटोवरून, बरंचसं स्मरणचित्र. नाक तेवढंच मोठं ठेवलंय. अडकित्त्याची पाती कुठून वळते ते आठवेना, म्हणून आजीला फोन केला. तिने तो येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवून दिला. सध्या टेबलावर आहे, रोजची दहा मिनिटं त्यालाच देतोय. बिजागरी अजून जमलेली नाही.