अदृश्याचा जमाखर्च

सन २०१२ च्या जुलै महिन्याच्या ४ तारखेस जिनीव्हाजवळील सर्न या संस्थेंत हिग्ज कण सांपडल्याचें जाहीर झालें, तेव्हां त्या वार्तेचा जगभर गाजावाजा झाला. त्यानंतर त्याच यंत्रावर वर्षानुवर्षें प्रयोग चालले. परंतु ज्या नव्या मूलकणांची पुष्कळ शास्त्रज्ञांस अपेक्षा होती, त्यांपैकीं एकही हातीं लागला नाहीं. यावरून सुशिक्षित वर्गांत एक प्रश्न विचारला जातो: एवढा प्रचंड खर्च करून जर कांहीं सांपडत नसेल, तर अशा यंत्रांचा उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. जो पैसा देतो त्यानें हिशेब मागावा यांत गैर कांहींच नाहीं. परंतु उत्तर देण्यापूर्वीं या यंत्रांचा इतिहास पाहणें अवश्य आहे, असें आम्हांस वाटतें. कारण या इतिहासाचा बराच मोठा भाग, जें दिसत नाहीं त्याचा हिशेब कसा ठेवावा, हें शिकण्यांत गेलेला आहे.

पदार्थाच्या अंतरंगांत शिरण्याची रीति रदरफोर्ड यांनीं सन १९११ मध्यें घालून दिली. सोन्याच्या पातळ पत्र्यावर सोडलेल्या आल्फा कणांपैकीं थोडे उलट फिरतात, यावरून अणूच्या पोटांत एक लहानसा जड गर्भ असला पाहिजे, असें अनुमान त्यांनीं काढलें. पुढें कणांना कृत्रिम रीतीनें वेग देणारीं यंत्रें निघालीं. या यंत्रांत वेगवान कण स्थिर लक्ष्यावर आपटत असे, व त्यांत मोठी उधळपट्टी होई. धांवती गोटी स्थिर गोटीवर आदळली म्हणजे तिचा बराच जोर दुसरीला पुढें ढकलण्यांतच खर्च होतो. तोच दोन गोट्या समोरासमोरून आल्या तर सारा जोर आघाताच्या जागींच मोकळा होतो. सर्नच्या यंत्रांतील ६,८०० अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा प्रोटॉन स्थिर प्रोटॉनवर आपटला, तर नवा कण घडविण्यास त्यांतील सुमारें ११३ अब्जच उपयोगीं पडतात. तसेच दोन प्रोटॉन समोरासमोर आदळले तर १३,६०० अब्ज! कोलायडर, म्हणजे कणांची समोरासमोर टक्कर घडविणारें यंत्र, जन्मास आलें तें या हिशेबापोटीं.

ही कल्पना नॉर्वेचे रॉल्फ विडरो यांनीं सन १९४३ मध्यें, महायुद्धाच्या ऐन धामधुमींत, जर्मनींत पेटंटासाठीं नोंदविली होती. तिला प्रत्यक्ष रूप देणारे ब्रूनो टाउशेक हे युद्धकाळांत विडरो यांच्याबरोबर काम करीत होते. टाउशेक यांचा जन्म सन १९२१ मध्यें व्हिएन्नांत झाला. माता ज्यू असल्यामुळें नाझी राजवटींत त्यांच्या शिक्षणांत अडथळे आले, आणि सन १९४५ मध्यें गेस्टापोनें त्यांस हॅम्बुर्ग येथें तुरुंगांत टाकलें. त्यांतून वांचून ते पुढें इटलींत स्थायिक झाले. ता. ७ मार्च १९६० रोजीं रोमजवळील फ्रास्काटी येथील प्रयोगशाळेंत त्यांनीं असें सुचविलें कीं, इलेक्ट्रॉन व त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांचे विद्युद्भार परस्परविरुद्ध असल्यामुळें एकाच कड्यांत, एकाच चुंबकाच्या जोरावर, त्यांस उलट दिशांनीं फिरवितां येईल. वर्षाच्या आंत ‘आडा’ नांवाचें यंत्र उभें राहिलें. त्याचें कडें एखाद्या लहान खोलींत मावेल एवढेंच होतें. पुढें तें फ्रान्समध्यें ऑर्से येथें नेण्यांत आलें, व तेथें कण खरोखरच एकमेकांवर आदळत असल्याचा पुरावा मिळाला. या यंत्रानें एकही नवा कण शोधला नाहीं. परंतु त्यानें दाखविलेल्या वाटेनें जाऊन नोव्हेंबर १९७४ मध्यें स्टॅनफर्ड येथें बर्टन रिक्टर यांच्या गटास चार्म क्वार्कची साक्ष देणारा कण मिळाला. ब्रुकहेव्हन येथें सॅम्युएल टिंग यांच्या गटानें निराळ्या पद्धतीनें तोच कण त्याच सुमारास शोधला, व दोघांस १९७६ चें नोबेल पारितोषिक विभागून देण्यांत आलें.

आतां अदृश्याच्या हिशेबाकडे वळूं. जुन्या पेढीवर रोजमेळांत तूट आली तर मुनीम ती तशीच सोडून देत नसे. पैसा कोठें तरी गेलाच असला पाहिजे, असें धरून तो शोध करी. भौतिकशास्त्रांतही ऊर्जा व संवेग यांचा जमाखर्च जुळावाच लागतो. किरणोत्सर्गाच्या एका प्रकारांत अशी तूट सतत येत होती. तेव्हां सन १९३० मध्यें पाउली यांनीं, एखादा न दिसणारा कण ती ऊर्जा घेऊन जात असावा, असा तर्क केला. हाच न्यूट्रिनो, त्याचा प्रत्यक्ष पुरावा मिळण्यास १९५६ साल उजाडलें. कोलायडरवर हीच मुनिमाची दृष्टि शिस्तीनें वापरतात. टकरीच्या जागेभोंवतीं सर्व बाजूंनीं शोधयंत्रें रचलेलीं असतात. एका बाजूस जोरानें कण उडाला व समोर त्यास तोलणारें कांहींच दिसलें नाहीं, तर कोणी तरी अदृश्य निसटला असें ठरतें. सन १९८३ मध्यें सर्न येथें कार्लो रुबिया यांच्या गटानें डब्ल्यू कण ओळखला तो याच खुणेवरून: एक वेगवान इलेक्ट्रॉन, आणि समोरची बाजू रिकामी.

याहून सुंदर उदाहरण १९८९ चें आहे. त्या वर्षीं सर्न येथें जमिनीखालीं २७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यांत लेप नांवाचें यंत्र सुरू झालें. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या टकरींतून झेड कण निर्माण करणें व ते कसे मोडतात हें मोजणें, हें त्याचें पहिलें काम. निसर्गांत न्यूट्रिनोंचे प्रकार किती, हा त्या वेळीं न सुटलेला प्रश्न होता. शाळेंत आपण सर्वांनीं हौद व तोट्या यांचीं गणितें सोडविलीं आहेत. हौद किती वेळांत रिकामा होतो हें ठाऊक असेल, व दिसणाऱ्या तोट्यांतून किती पाणी जातें हें मोजलें असेल, तर भिंतीआडच्या तोट्या न पाहतांही मोजतां येतात. झेड कणास मोडण्याच्या वाटा जितक्या अधिक, तितकें त्याचें आयुष्य अल्प. आणि आयुष्य जितकें अल्प, तितका त्याच्या वस्तुमानाचा आलेख रुंद. ती रुंदी मोजून उत्तर आलें: हलके न्यूट्रिनो तीनच प्रकारचे. पुढें लेपवरील चार प्रयोगांनीं मिळून सुमारें १ कोटि ७० लक्ष झेड कणांची छाननी केली, व आंकडा तीनच्या अगदीं लगत, शेंकडा एकाहूनही कमी फरकानें, स्थिरावला. या चारांपैकीं एल-३ नामक प्रयोगांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही सहभागी होते. चौथा न्यूट्रिनो सांपडला नाहीं, म्हणून ते श्रम फुकट गेले असें कोण म्हणेल?

आजचे न सुटलेले प्रश्न याच पंक्तींत बसणारे आहेत. आकाशगंगांच्या भ्रमणावरून असें दिसतें कीं, विश्वांत आपल्या परिचित द्रव्याच्या सुमारें पांचपट असें कृष्णद्रव्य आहे. तें कशाचें बनलें, हें कोणास ठाऊक नाहीं. त्याचे कण टकरींतून निर्माण होत असतील तर ते न दिसतां निसटतील व जमाखर्चांत तूट ठेवतील. ज्ञात न्यूट्रिनोंनीं पडते त्याहून अधिक तूट सर्नचे प्रयोग धुंडाळीत आले आहेत. ती तूट अद्यापि आढळली नाहीं, पण प्रत्येक नकारानें कल्पनेच्या नकाशावरील एकेक पट्टा खोडला गेला. दुसरा प्रश्न: विश्वारंभीं द्रव्य व प्रतिद्रव्य समसमान असतील तर आज द्रव्यच तेवढें कां उरलें? दोहोंच्या वर्तनांत सूक्ष्म भेद आहे हें क्रोनिन व फिच यांनीं १९६४ मध्यें दाखविलें. सन २०२५ मध्यें सर्नच्या एलएचसी-बी प्रयोगानें तो प्रोटॉनच्या वर्गांतील एका जड कणांतही दाखवून दिला. तरीही ज्ञात भेद विश्वाचें कोडें उलगडण्यास फारच अपुरा पडतो. तिसरा प्रश्न खुद्द हिग्ज कणाचा: तो सिद्धांतानुसार स्वतःशींच परस्परक्रिया करतो काय? यासाठीं एकाच टकरींत दोन हिग्ज निर्माण व्हावे लागतात, आणि ही घटना अत्यंत विरळा.

तथापि दुसरी बाजू झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. अमेरिकेंत टेक्सास प्रांतीं सुमारें ८७ किलोमीटर परिघाचें कोलायडर बांधावयास घेतलें होतें; सुमारें दोन अब्ज डॉलर खर्च झाल्यावर व वीसहून अधिक किलोमीटर बोगदा खणून झाल्यावर सन १९९३ मध्यें काँग्रेसनें तें बंद केलें. म्हणजे लोकप्रतिनिधींचा धीर सुटूं शकतो. सर्ननें सुमारें ९१ किलोमीटर परिघाच्या पुढील यंत्राविषयींचा अहवाल सन २०२५ मध्यें प्रसिद्ध केला, तेव्हां हीच शंका पुन्हां उभी राहिली. आमच्या मतें येथें शास्त्राच्या पुरस्कर्त्यांवर एक जबाबदारी येते. मागें अनेकांनीं, यंत्र सुरू होतांच अतिसममितीचे कण व कृष्णद्रव्य हातीं लागेल, अशी आशा लोकांपुढें रंगविली. ती फळली नाहीं म्हणून निराशा पदरीं आली. निसर्ग आपल्या यंत्राच्या आवाक्यांत नवा कण ठेवील असा करार त्यानें कोणाशीं केलेला नाहीं. कृष्णद्रव्याचे कण कोलायडरच्या टप्प्याबाहेरचेही असूं शकतील. आणि टकरींतून एखादा अदृश्य कण निसटला तरी आकाशांतील द्रव्य तेंच, हें इतर प्रयोगांनींच सिद्ध करावें लागेल.

म्हणून खर्च मागतांना अचूक मोजमापाचें वचन द्यावें. शोधाचें वचन कोणीच देऊं नये. नव्या यंत्रास पैसा द्यावा कीं नाहीं, हें प्रत्येक राष्ट्रानें आपल्या गरजा पाहून ठरवावें, व त्यांत दुमत होणें साहजिक आहे. परंतु तो निर्णय करतांना ‘कांहीं सांपडलें नाहीं’ हें वाक्य ‘कांहीं कळलें नाहीं’ या अर्थीं वापरलें जाऊं नये, इतकीच आमची विनंति आहे. लेपनें तीन हा आंकडा दिला, तो न दिसणाऱ्या न्यूट्रिनोंची मोजदाद करूनच. आणि आज पाठ्यपुस्तकांत तो निःशंकपणें छापला जातो.