कोठीघराची कसोटी

संस्थांचा इतिहास लिहिताना मंदिराचा जीर्णोद्धार, धर्मशाळेचे बांधकाम, चातुर्मासांची परंपरा आणि दानशूर व्यक्तींची नामावली यांना साहजिकच अग्रस्थान मिळते. समाजाच्या आचाराचे जतन मात्र जितके सभामंडपात झाले, तितकेच घराच्या कोठीत झाले. कोणते धान्य घरात यावे, कोणते दारातूनच परत जावे, एखादा नवा जिन्नस किती दिवस ठेवावा आणि कोणत्या तिथीला वापरावा, हे निर्णय पिढ्यानपिढ्या गृहिणींनी घेतले. त्यांची नोंद कोणत्याही इतिवृत्तात नाही. भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात हा इतिहास विशेष उद्बोधक आहे, कारण येथे स्थायिक झालेल्या अनेक जैन कुटुंबांना अगदी रोजचे अन्नच नव्याने पारखून घ्यावे लागले.

१ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा होण्यापूर्वीचा भंडारा जिल्हा म्हणजे वैनगंगेच्या खोऱ्यातील तलावांचा आणि धानाचा प्रदेश. राजस्थान, गुजरात व बुंदेलखंडाकडून व्यापारानिमित्त या भागात आलेली कुटुंबे बाजरी, गहू व मूग यांच्या मुलखातून आलेली होती. इथे मात्र पहावे तिकडे धान. नागपूरहून राजनांदगावपर्यंतचा लोहमार्ग १८८२ पर्यंत पूर्ण झाला, पुढे १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो घेतला, आणि भंडारा रोड, तुमसर रोड या स्थानकांवरून धान्याची ये-जा वाढली. त्यानंतर बाहेरचा माल मिळणे सोपे झाले. तरीही ताटातील भाताचे प्रमाण वाढतच गेले. नवा तांदूळ चिकट होतो, पचायला जड पडतो, म्हणून तो वर्षभर मुरवून वापरावा. सुवासिक चिन्नोर सणासाठी राखावा. उसना तांदूळ कष्टाच्या दिवसांत बरा, ही समज शेजारच्या कुणबी, पोवार घरांतील स्त्रियांकडून आली. आयंबिलाच्या व्रतात तेल, तूप, दूध, दही, साखर वर्ज्य असते आणि उकडलेल्या धान्यावर दिवस काढावा लागतो. भाताच्या प्रदेशात त्या व्रताची सोय आपोआप झाली, असे म्हणण्यास हरकत नाही.

मारवाडातून येणारे केर-सांगरीचे गाठोडे, मुगाच्या वड्या, पापड, खाखरे हे मात्र कोठीतून कधी गेले नाहीत. त्यामागे केवळ चवीची ओढ नव्हती. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी न खाणाऱ्या आणि चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य मानणाऱ्या घराला वाळवणाचा आधार लागतोच. आले कंदमूळ म्हणून टाळायचे, पण त्याचीच वाळलेली सुंठ चालते. ओली हळद नको, वाळलेली हळकुंडे चालतात. परक्याला हा विरोधाभास वाटतो. ओल्या कंदात अनंत जीव मानले आहेत आणि तो पुन्हा रुजू शकतो, वाळल्यावर ती शक्यता संपते, हे कारण ज्याला ठाऊक आहे त्याला त्यात विसंगती दिसत नाही.

बाजारातून आलेल्या प्रत्येक जिनसाला लावायची एक मोजपट्टी परंपरेने हाती दिली होती, तिचे नाव ‘मर्यादा’. दिगंबर परंपरेत दळलेल्या पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७ दिवस, उन्हाळ्यात ५ दिवस आणि पावसाळ्यात ३ दिवस सांगितली आहे. ज्या प्रदेशात आषाढ-श्रावणात भिंतींनाही ओल येते, तेथे पावसाळ्यातील ३ दिवसांचा नियम पोथीतून वाचून दाखवावा लागत नाही. डब्याचे झाकण उघडले की तो पटतो. म्हणूनच घराघरांत जाते उशिरापर्यंत टिकले, आणि पुढे पिठाची गिरणी आल्यावरही एकदम मोठे दळण नेण्याची पद्धत अनेक घरांनी स्वीकारली नाही. तयार पिठाच्या पिशवीवर महिनोन्महिन्यांची मुदत छापलेली दिसते, तेव्हा मर्यादा पाळणाऱ्या घराला ती मुदत कसली, हा प्रश्न पडतोच. द्विदलाचा नियमही असाच. कच्च्या दह्यात किंवा ताकात डाळीचे पीठ मिसळायचे नाही, म्हणून कढीसाठी ताक आधी तापवून घेतले जाते. नव्या पाककृतींच्या पुस्तकातील किती पदार्थ या एका नियमापाशी अडले असतील!

हिंगाचे उदाहरण थोडे निराळे आहे. कांदा-लसूण नसलेल्या स्वयंपाकात फोडणीचा सारा भार हिंगावर असतो, आणि हा हिंग शतकानुशतके अफगाणिस्तान व इराणकडून आला. शुद्ध हिंग इतका उग्र असतो की बाजारात तो डिंक आणि पीठ मिसळून ‘बांधानी’ स्वरूपात विकला जातो. पाण्यात घातल्यावर दुधासारखा पांढरा रंग येतो की तळाशी माती बसते, एवढी परीक्षा प्रत्येक घरी होत असे. भारतात हिंगाची लागवड करण्याचा प्रयत्न पालमपूर येथील संशोधन संस्थेने हाती घेतला आणि ऑक्टोबर २०२० मध्ये हिमाचलातील लाहौल खोऱ्यात पहिले रोप लावले. हे झाड हिंग देऊ लागायला सुमारे ५ वर्षे लागतात.

कोठीतील सर्वांत मोठा वाद मात्र तुपावरून झाला. नागपूर-भंडारा भागात जवसाचे व तिळाचे घाणीचे तेल चालत असे आणि तूप घरच्या लोण्याचे. १९३७ साली ‘डालडा’ बाजारात आले. तेलापासून बनलेले, पण दिसायला तुपासारखे. स्वस्त, टिकाऊ, पत्र्याच्या डब्यातले. लग्नकार्याच्या पंगतीत ते शिरले, पण देवापुढच्या दिव्यात आणि साधूंच्या आहारात त्याला स्थान द्यावे काय, याबद्दल मतभेद राहिले. तुपात त्याची भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पतीत ५ टक्के तिळाचे तेल मिसळण्याची सक्ती शासनाने केली. तीव्र आम्ल व साखर घालून हलविले की तिळाच्या तेलामुळे लाल रंग येतो आणि भेसळ उघडी पडते. ही युक्ती तूप वाचविण्यासाठी होती. वनस्पतीतच काही मिसळले असेल तर काय, याचे उत्तर तिच्यात नव्हते. १९८३ साली परदेशातून आणलेली जनावरांची चरबी वनस्पतीत मिसळल्याचे प्रकरण देशभर गाजले आणि संसदेपर्यंत गेले. ज्या घरांनी विश्वासाने ते डबे आणले होते त्यांच्या मनाला झालेली जखम समजण्यासाठी अहिंसा हा ज्यांच्या आहाराचा पाया आहे त्यांच्याच जागी उभे राहावे लागेल. अजाणता का होईना, ते पोटात गेले होते. घरची परीक्षा तेथे पूर्णपणे हरली, कारण रंग, वास, चव यांपैकी कशानेही ती भेसळ कळण्यासारखी नव्हती.

वेष्टनावर शाकाहाराचा हिरवा आणि मांसाहाराचा तपकिरी ठिपका छापण्याचे नियम २००१ साली झाले. जिलेटिन, अंडे यांसारखे घटक पूर्वी नुसत्या नावाआड दडत असत, त्यांच्यापासून या खुणेने बरेच रक्षण केले. कांदा, लसूण, बटाटा यांबद्दल मात्र हिरवा ठिपका काहीच बोलत नाही. त्यामुळे बारीक अक्षरांतील घटकयादी वाचण्याचे काम जैन घरात सुटलेले नाही. पूर्वी सुपात धान्य घेऊन निवडत, आता चष्मा लावून पाकीट निवडतात, इतकाच फरक.

या जिल्ह्याच्या कोठीचा इतिहास लाखोळीवाचून पुरा होत नाही. झाडीपट्टीत तिला लाखोरी म्हणतात, उत्तरेकडे खेसारी किंवा तिवडा. धान कापणीला येण्याआधी उभ्या पिकातच, ओल्या बांधीत तिचे बी फेकतात. या पद्धतीला उतेरा म्हणतात. नांगरट नाही, पाणी नाही, खत नाही, तरी पीक येते. दुष्काळात इतर सारे करपले तरी लाखोळी उभी राहते. तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी, डाळीचे वडे आणि वरण हे गरिबाघरचे नित्याचे अन्न होते.

तिचा दोषही याच गुणात दडलेला आहे. महिनोन्महिने दुसरे काही न मिळता केवळ लाखोळीच खाल्ली तर पाय लुळे पडतात. कर्नल स्लीमन यांनी १८३० च्या दशकातील सागर परिसरातील अशा रुग्णांची हकीगत लिहून ठेवली आहे. रेवा भागात शेतमजुरांना मजुरीच या धान्यात मिळे. तिथे हा रोग मजुरांच्या वस्तीत आढळे, मालकाच्या वाड्यात नव्हे. स्पेनचा चित्रकार गोया याने माद्रिदच्या १८११-१२ च्या दुष्काळातील असे एक दृश्य कोरून ठेवले. दुसऱ्या महायुद्धात, १९४२-४३ मध्ये, व्हापनियार्का येथील छावणीत ज्यू कैद्यांना हेच कडधान्य खाऊ घालण्यात आले, आणि कैद्यांपैकीच एक असलेल्या डॉ. आर्थर केसलर यांनी रोग ओळखला. दाण्यातील विषारी घटक भारतीय शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये हुडकला.

तत्पूर्वीच, १९६१ साली, केंद्र शासनाने लाखोळीच्या विक्रीवर बंदी घातली होती. पेरा मात्र थांबला नाही. शेतकरी पिकवीत राहिला, खात राहिला, आणि उघडपणे विकता न येणारी स्वस्त डाळ तुरीच्या डाळीत व बेसनात मिसळली जाऊ लागली. धान्याचा व्यापार ज्यांच्या हाती होता, त्यात आपले समाजबांधवही होते. या प्रश्नाला बगल देऊन हा इतिहास लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गृहिणीने मात्र आपला उपाय शोधला. लाखोळीचा दाणा कोनदार, पाचरीसारखा असतो, तूर गोलसर. सुपात डाळ पसरून असे दाणे वेचण्याची सवय तेव्हापासूनची. बेसन मात्र बाजारचे घेण्याऐवजी घरचे चणे दळून करावे, हेच बरे ठरले.

नागपूरचे डॉ. शांतीलाल कोठारी यांनी ॲकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट या संस्थेमार्फत ही बंदी उठावी म्हणून दीर्घकाळ लढा दिला, उपोषणेही केली. इतर धान्यांबरोबर, बेताने खाल्लेली लाखोळी अपाय करीत नाही आणि बंदीने गरिबाचे प्रथिन हिरावले, हे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या विरोधकांची शंकाही निराधार नव्हती : बेत पाळणे ज्याच्या हाती आहे त्याला धोका नाही, पण दुष्काळात ज्याच्यापुढे दुसरे अन्नच नाही तो बेत कसा पाळणार? जानेवारी २०१६ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीने रतन, प्रतीक आणि महातिवडा या विषांश कमी असलेल्या तीन वाणांना अनुकूल शिफारस केली.

वाण मात्र नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. विषारी घटक पाण्यात विरघळतो, ही गोष्ट झाडीपट्टीतील स्त्रियांनी रसायनशास्त्राची वाट न पाहता वापरली आहे. डाळ रात्रभर भिजवावी, ते पाणी फेकावे, मग भरपूर पाण्यात उकळून वरचे पाणी पुन्हा ओतून द्यावे आणि त्यानंतरच फोडणी घालावी, ही रीत शेतावर लाखोळी असलेल्या घरांत जुनीच आहे. चव थोडी उतरते, त्यासाठी हिंग जरा सढळ हाताने घालतात.